कुक्कुटनाडी, वासुदेवाचा पेला आणि फिश टँकची नळी

फिश टँक विकणारा दुकानदार एअर पंप हातात देताना एक वाक्य हमखास सांगतो : पंप पाण्याच्या वर ठेवा. का, असं विचारलं तर उत्तर मिळतं, ‘लाइट गेली की पाणी उलटं येतं.’ यापुढे तो सहसा जात नाही आणि गिऱ्हाईकही विचारत नाही. घरी आल्यावर पंप टेबलाखाली ठेवला जातो, कारण तो घुरघुरतो, दिसायला बरा नसतो आणि प्लगही खालीच असतो. मग एखाद्या रात्री वीज जाते. सकाळी टाकी निम्मी रिकामी, फरशीवर पाणी, पंपातून ठिबक चालू आणि शेजारी विजेची वायर.

भारनियमनाच्या वर्षांत महाराष्ट्रातल्या गावोगावच्या मासेप्रेमींना हा अनुभव भरपूर आला. पाणी आपणहून काठ ओलांडून बाहेर पडतं, हा चमत्कार फार जुना आहे आणि माणसानं तो मुद्दाम घडवण्यासाठी शतकानुशतकं खटपट केली आहे. तो घडू नये म्हणून खटपट करण्याची वेळ मात्र त्या मानानं अलीकडची. त्या दोन खटपटींचा हा मागोवा.

आधी आपल्याकडचा पुरावा. भास्कराचार्यांनी शके १०७२ म्हणजे इ.स. ११५० मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी ‘सिद्धान्तशिरोमणि’ रचला. ‘लीलावती’मुळे त्यांचं नाव घरोघर पोचलं, पण याच ग्रंथाच्या गोलाध्यायातलं यंत्रांचं प्रकरण फारसं कुणी उघडत नाही. तिथे वेळ मोजण्याच्या आणि ग्रह पाहण्याच्या यंत्रांबरोबर आपोआप फिरणाऱ्या चाकांचीही चर्चा आहे. त्यात एका नळीचं वर्णन येतं. तांब्याची किंवा दुसऱ्या धातूची नळी घ्यायची, ती हत्तीच्या अंकुशासारखी वाकवायची, पाण्यानं भरायची आणि दोन्ही तोंडं बंद करायची. एक तोंड पाण्याच्या कुंडात बुडवायचं, दुसरं बाहेर खाली तोंड करून सोडायचं. मग दोन्ही तोंडं एकाच वेळी मोकळी करायची. कुंडातलं सगळं पाणी नळीतून बाहेर पडतं.

याला शिल्पी लोक कुक्कुटनाडी म्हणतात आणि तिच्यामुळे बरेच चमत्कार साधता येतात, अशी पुस्तीही भास्कराचार्यांनी जोडली आहे. नाव बहुधा कोंबड्याच्या वाकलेल्या मानेवरून पडलं असावं. मला महत्त्वाचं वाटतं ते असं, की आचार्य या नळीचा शोध स्वतःकडे घेत नाहीत. ती कारागिरांची वस्तू आहे, नावही कारागिरांचंच आहे. ग्रंथात ती आली ती एका ज्योतिष्यानं कारागिरांकडे लक्ष दिलं म्हणून. आपल्या विज्ञानेतिहासाच्या गप्पांत ग्रंथकर्त्यांची नावं निघतात, पण तांबट आणि ओतारी कुठे दिसत नाहीत. इथे ते एका ओळीपुरते का होईना, दिसतात.

भास्कराचार्यांचा आणि महाराष्ट्राचा संबंध ओढूनताणून जोडावा लागत नाही. चाळीसगावजवळच्या पाटण इथे, पाटणादेवीच्या परिसरात, शके ११२८ (इ.स. १२०६-०७) मधला शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव हे यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी. आजोबांच्या ग्रंथांचं अध्ययन व्हावं म्हणून त्यांनी तिथे मठ स्थापला आणि त्या मठाला देणगी मिळाली, अशी ती नोंद. लेख संस्कृतात आहे, पण शेवटी बाजारातल्या मालावर आणि तेलाच्या घाण्यांवर मठासाठी काय घ्यायचं, हे सांगताना भाषा मराठी होते. म्हणजे कुक्कुटनाडीचं वर्णन ज्या ग्रंथात आहे, त्याच्या पठणपाठणाच्या खर्चाचा एक वाटा खानदेशातल्या तेल्यांच्या घाण्यांतून येत होता.

आता त्या वर्णनाकडे परत. नळी आधी पाण्यानं भरलेली असली पाहिजे. बाहेरचं तोंड खाली असलं पाहिजे. आणि दोन्ही तोंडं एकदमच उघडली पाहिजेत, नाहीतर नळीतलं पाणी एका बाजूनं सांडून जाईल आणि हवा शिरेल. म्हणजे सगळी अडचण सुरुवात करण्याची आहे. एकदा धार लागली की थांबवण्याचा प्रश्न नाही. ती कुंड रिकामं करूनच थांबते.

सुरुवात करण्याची ही अडचण एका खेळण्यानं फार गमतीदार रीतीनं सोडवली आहे. वासुदेवाचा पेला आजोळच्या देवघरात किंवा यात्रेतल्या पितळी भांड्यांच्या दुकानात अनेकांनी पाहिला असेल. पेल्याच्या मधोमध वसुदेवाची मूर्ती, त्याच्या हातात किंवा डोक्यावर बाळकृष्ण. पेल्यात पाणी ओतत जायचं. यमुनेला पूर येतो, पाणी चढत चढत कृष्णाच्या पायाला लागतं आणि पायाला लागताच ओसरू लागतं. थोडंसं नाही, सगळं. पेल्याच्या बुडाशी असलेल्या भोकातून ते निघून जातं. मूर्तीच्या आत वाकडी नळी लपवलेली असते. तिचं एक तोंड पेल्यात तळाशी उघडं, दुसरं पेल्याच्या बुडातून खाली. पाणी नळीच्या वाकापर्यंत, म्हणजेच कृष्णाच्या पायाच्या उंचीपर्यंत चढलं की नळी आपोआप भरते आणि धार सुरू होते. तोंडं दाबून धरायला नकोत, एकदम सोडायला नकोत. ग्रीक लोकांत असाच पेला पायथॅगोरसच्या नावावर चालतो. तिथे हावरटपणे वाजवीपेक्षा जास्त दारू ओतून घेणाऱ्याची सगळीच दारू वाहून जाते. एकच नळी, पण तिकडे तिनं माणसाची खोड मोडली आणि इकडे भागवतातली कथा सांगितली. कथेला साजेसं यंत्र शोधणारा आपला तो अनाम कासार मला जास्त कल्पक वाटतो.

इथे एक गोष्ट बाजूला काढून ठेवायला हवी, कारण तिच्यामुळे गोंधळ होतो. छत्रपती संभाजीनगरची, जुन्या औरंगाबादची, पाणचक्की दाखवताना वाटाडे सायफनचा उल्लेख करतात. डोंगरातल्या उगमापासून जमिनीखालच्या नळांनी आलेलं पाणी तिथे उंच भिंतीवर चढतं आणि वरून पडून जातं फिरवतं. पण तिथे पाणी चढतं ते उगम त्या भिंतीपेक्षाही उंचावर आहे म्हणून. मधला नळ खाली जाऊन वर येतो, म्हणून त्याला उलटा सायफन म्हणायची पद्धत पडली. कुक्कुटनाडीत पाणी आधी स्वतःच्या पातळीच्या वर जातं. पाणचक्कीच्या नळात असं कुठेही होत नाही. बांधकाम थोर आहे यात शंका नाही, पण जात वेगळी.

पाणी स्वतःच्या पातळीच्या वर कसं चढतं, या प्रश्नानं युरोपला बराच काळ झुलवलं. इसवी सनाच्या पहिल्या शतकातला अलेक्झांड्रियाचा हेरॉन आपल्या हवेच्या आणि पाण्याच्या यंत्रांवरच्या ग्रंथाची सुरुवातच वाकड्या नळीपासून करतो. निसर्गाला पोकळी सहन होत नाही, हे त्यानंतरच्या शतकांतलं ठरलेलं उत्तर. या उत्तराला तडा गेला तो एका फसलेल्या कामामुळे. १६३० साली जेनोव्हाच्या जोव्हान्नी बात्तिस्ता बालियानी यांनी गॅलिलिओला पत्र लिहून विचारलं, की सुमारे २१ मीटर उंचीच्या टेकडीवरून पाणी पलीकडे नेण्यासाठी बांधलेला सायफन चालत का नाही. नळ भरून तोंडं उघडली की पाणी दोन्हीकडे उतरून जात होतं. गॅलिलिओनं दिलेलं उत्तर असं, की पाण्याच्या स्तंभालाही दोरासारखी ताकदीची मर्यादा असते. फार लांब झाला की तो आपल्याच वजनानं तुटतो. १६३८ च्या आपल्या ग्रंथात त्यानं ही मर्यादा १८ हात धरली, म्हणजे आजच्या मापानं साधारण १० मीटर. आकडा जवळजवळ बरोबर, कारण चुकीचं. पुढे तोरिचेल्लीनं १६४३ च्या सुमारास पाऱ्याच्या नळीचा प्रयोग केला आणि ही मर्यादा हवेच्या वजनामुळे येते हे दाखवलं. १६४८ मध्ये पास्कालच्या सांगण्यावरून त्याच्या मेव्हण्यानं ती नळी प्वी द डोम या डोंगरावर नेली. वर गेल्यावर पारा उतरला. वर हवा कमी, वजन कमी. समुद्रसपाटीवर हवा सुमारे १०.३ मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ तोलून धरते. बालियानींची टेकडी त्याच्या दुप्पट होती.

तरी एक घोळ राहिलाच. हवेच्या दाबानं सायफन चालतो, असं पुढे सरसकट लिहिलं जाऊ लागलं. ते अर्धं खरं आहे. दाब दोन्ही तोंडांवर जवळजवळ सारखाच असतो, त्यामुळे तो पाण्याला पुढे ढकलू शकत नाही. तो फक्त वाकापाशी पाणी तुटू देत नाही. ओढतं ते वजन, म्हणजे खाली लोंबणाऱ्या लांब बाजूच्या पाण्याचं वजन. ऑक्सफर्डच्या सुप्रसिद्ध इंग्रजी कोशात १९११ पासून सायफनच्या व्याख्येत हवेच्या दाबाला कर्ता केलं होतं. २०१० मध्ये स्टीफन ह्यूज या ऑस्ट्रेलियातल्या भौतिकशास्त्राच्या अध्यापकांनी ही चूक दाखवून दिली, तोवर सुमारे शंभर वर्षं ती कुणाला खटकली नव्हती. आपल्याकडच्या कित्येक मार्गदर्शक पुस्तकांत ती आजही सुखानं नांदते आहे.

आता मासे. काचेच्या टाकीत जिवंत मासे ठेवून ते टिकवणं ही एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातली, मुख्यतः इंग्लंडमधली हौस. १८४५ साली तिथे काचेवरचा कर उठला आणि काच स्वस्त झाली. पण पाण्यात हवा खेळती ठेवायची कशी? ॲना थिन या बाईंनी १८४६ मध्ये टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला आणले. पाणी शिळं होऊ नये म्हणून ते उघड्या खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत राहायचं, असा त्यांचा उपाय. रोज अर्धा-पाऊण तास हे काम घरातली मोलकरीण करी. आजच्या एअर पंपाची पूर्वज म्हणून त्या मोलकरणीचं नाव खरं तर कुठेतरी कोरायला हवं होतं. १८५० मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनतज्ज्ञानं दुसरा मार्ग मांडला : दोन सोनमासे, व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती आणि कुजलेली पानं खाणाऱ्या गोगलगाई. वनस्पती प्राणवायू देते, मासे कार्बनी वायू देतात, गोगलगाय झाडलोट करते. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यालय उघडलं आणि पुढच्या वर्षी फिलिप हेन्री गॉस यांच्या पुस्तकानं ‘ॲक्वेरियम’ हा शब्द घरोघर नेला. १८७१ मध्ये लंडनच्याच क्रिस्टल पॅलेसमध्ये विल्यम ॲल्फर्ड लॉइड यांनी जमिनीखाली अंधारा, थंड मोठा हौद ठेवून वाफेच्या पंपानं समुद्राचं पाणी सतत फिरवलं. मुंबईत चर्नी रोडजवळच्या तारापोरवाला मत्स्यालयाचं उद्घाटन १९५१ साली राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झालं. पुढे कित्येक मराठी मुलांच्या मुंबई सहलीत राणीच्या बागेबरोबर त्याचा नंबर लागला.

घरगुती हौस मात्र वॉरिंग्टनच्या समतोलावर फार दिवस समाधानी राहिली नाही. टाकी लहान आणि मासे जास्त, ही मानवी हाव सगळीकडे सारखीच. विसाव्या शतकात वीज घरात आली तसा विजेचा एअर पंपही आला. आज मिळतो त्याची रचना अगदी साधी आहे. उलटसुलट वाहणाऱ्या विजेवर चालणारं विद्युतचुंबक, त्यापुढे लोहचुंबक बसवलेली एक काडी, काडीला जोडलेली रबराची पातळ वाटी. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावे घेते, तेवढ्या वेळा काडी पुढेमागे होते आणि वाटी फुगते-दबते. वाटीला दोन इवल्याशा रबरी झडपा, एक हवा आत घेणारी आणि एक बाहेर सोडणारी. हा लोहाराचा भाताच आहे, फक्त तळहाताएवढा.

हवा पारदर्शक नळीतून टाकीच्या तळाशी ठेवलेल्या सच्छिद्र दगडात जाते आणि बुडबुडे होऊन वर येते. पाणी ३० सेंटिमीटर खोल असेल तर पंपाला वातावरणाच्या दाबाच्या सुमारे ३ टक्के एवढाच जादा दाब द्यावा लागतो. वीज गेली की हा दाब ओसरतो आणि टाकीतलं पाणी दगडातून नळीत मागे शिरू लागतं.

इथे शंकेखोर वाचक विचारेल, आणि विचारावंच : पाणी नळीत टाकीच्या पातळीपर्यंतच चढेल ना? काठ तर पातळीच्या वर आहे. मग काठ ओलांडेल कसं? शंका रास्त आहे. म्हणूनच प्रत्येक वेळी हा अपघात होत नाही आणि म्हणूनच लोक बेसावध राहतात. पण पाणी वेगानं मागे आलं तर ते झोपाळ्यासारखं आपल्या पातळीच्या थोडं पुढे जातं. बारीक नळीत केशाकर्षणानं ते काही मिलिमीटर जास्त चढतं. शिवाय चालून गरम झालेला पंप थंड होताना त्याच्यातली हवा आकसते आणि पाणी ओढते. टाकी काठोकाठ भरलेली असेल, नळी काठावरून लगेच खाली वळलेली असेल, तर एवढं पुरतं. पाण्यानं तो वाक एकदा ओलांडला की भास्कराचार्यांच्या अटी पुऱ्या झाल्या. नळी भरलेली आहे, एक तोंड कुंडात आहे, दुसरं टेबलाखाली आहे. पंपातल्या झडपा बाहेर जाणारी हवा अडवायला नाहीत आणि आत येणारं पाणी घट्ट रोखण्याइतक्या नेटक्याही नसतात. दगड तळाशी असल्यामुळे धार तळापर्यंत चालू राहू शकते. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत सुमारे ५४ लिटर पाणी मावतं. ते दगडातून झिरपत का होईना, रात्रभर घरात येत राहतं.

पंप पाण्याच्या वर ठेवा, या सल्ल्याचा अर्थ इथे उलगडतो. बाहेरचं तोंड आतल्या पाण्यापेक्षा उंच असेल तर लांब बाजूचं वजनच उरत नाही. कोणतीही झडप न लावता गाठ सुटते. माझ्या मते हाच पहिला उपाय आणि झडप हा दुसरा. बाजार मात्र हा क्रम उलटा लावतो, कारण खिळा ठोकून फळी लावण्यात विकायला काही नाही.

एकाच दिशेनं वाट देणारी झडप हीसुद्धा फार जुनी वस्तू. इ.स.पूर्व तिसऱ्या शतकातल्या अलेक्झांड्रियातल्या क्तेसिबियसच्या दाबपंपात अशा झडपा होत्या, असं रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियस सांगतो. हा क्तेसिबियस एका न्हाव्याचा मुलगा. दुकानातला आरसा वरखाली करण्यासाठी त्यानं नळीत शिशाचं वजन सोडलं, तेव्हा दाबल्या गेलेल्या हवेचा आवाज झाला आणि त्यावरून त्याला पुढचं सगळं सुचलं, अशी कथा आहे. १६०३ मध्ये पादुआच्या फाब्रिसियसनं माणसाच्या शिरांमधल्या पडद्यांवर पुस्तक लिहिलं. त्यांना त्यानं लॅटिनमध्ये छोटी दारं म्हटलं, पण ती कशासाठी आहेत हे त्याला नीट उमगलं नाही. रक्ताचा वेग आवरण्यासाठी असावीत, असं तो समजला. त्याचा विद्यार्थी विल्यम हार्वी यानं १६२८ मध्ये दाखवलं की ती दारं फक्त हृदयाच्या दिशेनं उघडतात, म्हणजे रक्त एकाच दिशेनं फिरत असलं पाहिजे. निकोला टेस्लानं तर १९२० मध्ये एकही हलता भाग नसलेल्या एकदिशा नळीचं पेटंट मिळवलं. तिच्या वळणांमुळे उलट येणारा प्रवाह स्वतःलाच अडवतो.

पण मराठी घराला या झडपेची खरी ओळख झाली ती सायकलमुळे. जुन्या सायकलच्या चाकात हवा भरायच्या नळकांडीवर एक काळी किंवा लालसर रबरी नळी चढवलेली असायची. व्हॉल्व्ह ट्यूब, बोलीत वॉलट्यूब. नळकांडीच्या भोकातून हवा येते, रबर फुगवून बाजूनं आत शिरते, आणि आतली हवा परत यायला गेली की रबराला भोकावरच दाबून धरते. जितका आतला दाब जास्त, तितकी झडप घट्ट.

या शेवटच्या वाक्यातच फिश टँकच्या झडपेचं दुखणं आहे. ही झडप ज्या दाबाला अडवते, त्याच दाबानं बंद होते. सायकलच्या चाकात तो दाब भरपूर असतो. फिश टँकच्या नळीत तो वीतभर पाण्याचा. एवढ्या दुबळ्या दाबाखाली रबराचा पडदा जेमतेम टेकतो. त्यावर धुळीचा कण बसला, पाण्यातल्या क्षारांचा पापुद्रा धरला किंवा रबर ताठ झालं, की फट राहते. म्हणून ही झडप पाण्याच्या पातळीच्या वर, काठाजवळ, टाकीच्या बाहेरच्या नळीत बसवायची, म्हणजे ती कोरडी राहते. बाण किंवा उघडणारी बाजू टाकीकडे. बसवण्याआधी दोन्ही बाजूंनी फुंकून पाहायचं. एका बाजूनं फुंकर जाते आणि दुसऱ्या बाजूनं अजिबात जात नाही, अशी असेल तीच घ्यायची. काही महिन्यांनी पुन्हा काढून फुंकायची. उलट बसवली तर बुडबुडेच येत नाहीत, त्यामुळे ती चूक निदान लगेच कळते. बंद पडत चाललेली झडप मात्र काहीच सांगत नाही. बुडबुडे नेहमीसारखे येत राहतात आणि वीज जाण्याची वाट पाहत बसतात.

विजेच्या वायरीबद्दल एवढंच : प्लगकडे जाण्याआधी वायर प्लगच्या खाली झोळासारखी सोडावी. वायरीवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी ठिबकतं, प्लगमध्ये जात नाही. गळती होताच वीज तोडणारं, ३० मिलिअँपियरला तुटणारं उपकरण घरात असेल तर उत्तम.

हे सगळं मासे पाळणाऱ्यांपुरतं राहिलं असतं तर एवढी शाई खर्च केली नसती. १९३३ मध्ये शिकागोत जागतिक प्रदर्शन भरलं होतं. देशभरातून लोक आले आणि हॉटेलांत उतरले. त्यांतली दोन मोठी हॉटेलं एकाच व्यवस्थेतून पाणी घेत होती. नळांचं जाळं जुनं, जागोजाग जोडण्या केलेलं. पिण्याच्या पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या नळांचा नको तिथे संबंध आलेला. नळातला दाब कमी झाला की घाण पाणी चांगल्या पाण्यात ओढलं जाई. अमीबाजन्य आमांशाची साथ पसरली. सुमारे १,४०० जणांना लागण झाली आणि ९८ दगावले. या रोगाला डोकं वर काढायला काही आठवडे लागतात, तोवर पाहुणे आपापल्या गावी पांगलेले होते, त्यामुळे साथ आहे हे कळायलाच वेळ गेला. नाइटक्लबची गाजलेली कलावंत टेक्सस गिनन हीसुद्धा शिकागोत मुक्काम करून पुढे दौऱ्यावर गेली आणि ५ नोव्हेंबर १९३३ रोजी व्हँकूव्हरमध्ये याच आजारानं मरण पावली. पाणी मागे फिरणं ही केवळ फरशी पुसण्याची बाब नाही, हे तिथल्या नळकामाच्या जगाला या साथीनं कायमचं शिकवलं. नळाचं तोंड आणि भांड्यातलं पाणी यांच्यात हवेची मोकळी जागा ठेवणं हा सर्वांत भरवशाचा उपाय मानला गेला. त्यात रबर नाही, स्प्रिंग नाही, बिघडायला काही नाही. बेसिनचा नळ काठाच्या वर असतो, तो हात धुणं सोयीचं व्हावं एवढ्यासाठीच नव्हे.

आणि आपल्याकडे? शहरांत आणि गावांत कॉर्पोरेशनचं किंवा नगरपालिकेचं पाणी दिवसातून काही तास येतं. बाकी वेळ नळ रिकामे असतात. नळाला लावलेला पाइप बादलीत किंवा पिंपात बुडवून ठेवायचा, पाणी आलं की भरेल, ही कित्येक घरांची रीत. पाणी जाताना नळ रिकामा होऊ लागतो, तेव्हा तोच पाइप कुक्कुटनाडी होतो आणि बादलीतलं पाणी सार्वजनिक नळात परत जातं. बादलीत पाय धुतलेले असोत, फडकी भिजत असोत किंवा गुरांना पाणी पाजलेलं असो. त्यात कुणी नळाला थेट मोटर लावून ओढत असेल तर ओढ आणखी वाढते आणि गटाराशेजारून गेलेल्या फुटक्या जोडांतूनही पाणी आत येतं. पाणी आल्यावर पहिली दहा मिनिटं गढूळ येतं, ते सोडून द्यायचं असतं, हे आयाबायांना माहीत आहे. ते गढूळ का येतं, याची काही कारणं वरच्या ओळींत आहेत.

पाइपाचं तोंड बादलीच्या काठाच्या वीतभर वर बांधलं तर नळात काही परत जाणार नाही. त्याला सुतळीचा एक तुकडा पुरतो.